नेपाळला जाताय? हिमाल सकाळी बघा, देवळं संध्याकाळी

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचं ठरवलं की सगळे आधी तिकिटं बघतात, मग हॉटेल, आणि कुठल्या दिवशी कुठल्या वेळेला काय बघायचं हे ड्रायव्हरवर सोडून देतात. आमचंही पहिल्या वेळी तेच झालं. सकाळी आरामात नाश्ता, मग स्वयंभू, पशुपतिनाथ, दुपारी जेवण, आणि जेवून नगरकोट, म्हणजे हिमालय बघायची डोंगरावरची जागा. दोन अडीचला वर पोचलो तर समोर पांढरं धुकट आभाळ, बाकी काही नाही. आई टॉवरच्या कठड्याला धरून अर्धा तास उभी होती आणि खाली उतरताना म्हणाली, हिमालय राहिलाच की गं. ते वाक्य मला फार लागलं. तीन वर्षांनी आईला आणि काकूला घेऊन परत गेले, सगळा क्रम उलटा केला, आणि जे बघायला मिळालं त्यावरून हे लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. डोंगर पहाटेचा असतो. रात्रभर हवा थंड होऊन खाली बसलेली असते त्यामुळे पहाटे शिखरं कोरल्यासारखी दिसतात, मग ऊन चढलं की दऱ्यांमधली हवा तापून वर जायला लागते, तिच्याबरोबर बाष्प जातं आणि शिखरांच्या अंगाखांद्यावर ढग धरायला लागतात, दहा अकरापर्यंत बऱ्याचदा खेळ संपतो. काठमांडूच्या खोऱ्यात तर धूळ आणि धूर पण वर येतो. याच्या बरोब्बर उलट देवळांचं. दुपारी अकरा ते चार देवळांच्या चौकात टूरच्या बसेस, सेल्फी आणि कडक ऊन, खरी देवळं जागी असतात ती अगदी पहाटे नाहीतर दिवेलागणीला, जेव्हा तिथलीच माणसं फुलं, अक्षता घेऊन येतात. म्हणून प्लॅन करताना प्रत्येक दिवसाचे दोन तुकडे करा, पहाट डोंगराला, संध्याकाळ देवाला, आणि मधली दुपार प्रवासाला, म्युझियमला किंवा सरळ झोपायला. आणि प्रत्येक व्ह्यूपॉइंटला किमान दोन पहाटा द्या. एक पहाट म्हणजे लॉटरी आहे, दोन दिल्या की काहीतरी हाताला लागतं.

आता कधी जायचं. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर, याला तोड नाही. पावसाने हवा धुतलेली असते आणि थंडी अजून बोचरी नसते. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार, दारोदारी दिवे, एक दिवस कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात, सेल रोटी नावाचं तांदळाच्या पिठाचं गोड कडं तळतात, बघायला फार सुंदर. फक्त त्याच्या आधीचा दशैं (आपला दसरा) मोठा सण असतो, निम्मं काठमांडू गावी जातं, बसेस भरलेल्या आणि दुकानं बंद, ते दिवस टाळा. डिसेंबर जानेवारीत आकाश स्वच्छ असतं पण थंडी कडक. मे महिन्याच्या सुट्टीत जाणारे आपल्याकडे भरपूर, त्यांना खरं सांगते, मार्चच्या पुढे हवेत धुरकट पडदा असतो, जंगलातले वणवे, शेतातला धूर, शिखरं दिसतात पण पुसट. मे मध्ये गेलातच तर वळवासारखी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशीची पहाट चुकवू नका, हवा धुऊन निघते. मार्च एप्रिलचा फायदा एकच, लालीगुराँस फुललेले असतात, लालभडक झाडं. जून ते सप्टेंबर डोंगर बघायला जाऊ नका, रस्त्यावर दरडी पण येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ओरिजिनल पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर चालेल असं समजून एअरपोर्टवर गेलेली माणसं अडकतात, लहान मुलं आणि पासष्टच्या पुढच्यांसाठी नियम वेगळे आहेत ते विमान कंपनीकडे आधी विचारा. एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे, रोज बदलत नाही. शंभराच्या भारतीय नोटा सगळीकडे घेतात, पाचशेच्या नोटांचे नियम बदलत असतात म्हणून शंभराचं एक बंडल बरोबर असू द्या. यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालायला लागलंय पण डोंगरात रोख पैसाच. किंमत विचारताना नेहमी विचारा "नेपाळी की आयसी", आयसी म्हणजे भारतीय चलन, यावरून होणारे घोळ मी डोळ्यांनी बघितलेत. तिकीट खिडकीवर सार्क देशांचा दर वेगळा आणि बराच कमी असतो, ओळखपत्र दाखवून तोच मागा. आणि त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे, हे लक्षात ठेवा, विमान आणि बस दोन्हीला कामाचं आहे. सुट्टी शनिवारी असते, म्हणून शनिवारी देवळांत गर्दी.

भाषेची चिंता करू नका. सगळ्या पाट्या देवनागरीत, आपल्याला वाचता येतात, आणि हिंदी जवळजवळ सगळ्यांना कळते. तरी दोन चार शब्द शिकून जा. दाइ म्हणजे मोठा भाऊ, दिदी म्हणजे ताई, हजुर म्हणजे हो जी, तातो पानी म्हणजे गरम पाणी (हा शब्द सगळ्यात जास्त वापराल), बिस्तारै म्हणजे हळूहळू. आणि हिमाल म्हणजे फक्त बर्फाचा डोंगर. आपल्याला प्रचंड वाटणारा हिरवा डोंगर त्यांच्या लेखी नुसता पहाड किंवा डाँडा. हॉटेलवाल्याला रात्री विचारून ठेवा, उद्या हिमाल खुलेल का, तो आभाळाकडे बघून बऱ्यापैकी बरोबर सांगतो, मोबाइलच्या ॲपपेक्षा मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवते.

काठमांडूचं खोरं. दिल्लीहून विमानाने जात असाल तर डाव्या बाजूची खिडकी घ्या, येताना उजवी. 1979 साली युनेस्कोने खोऱ्यातल्या सात जागा मिळून जागतिक वारसा जाहीर केला, काठमांडू, पाटण आणि भक्तपूर हे तीन दरबार चौक, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण. सात म्हटल्यावर लोक एका दिवसात चार उरकतात, तसं करू नका प्लीज. राहायला ठमेलमध्येच, म्हणजे काठमांडूच्या हॉटेलांच्या भागातच, राहावं असं काही नाही. मी तर म्हणेन दोन रात्री भक्तपूरला राहा. संध्याकाळी पाचनंतर काठमांडूहून आलेल्या बसेस परत जातात आणि मग तो चौक गावाचा होतो, म्हातारी माणसं पाटीवर म्हणजे छप्पर असलेल्या विसाव्याच्या ओट्यावर गप्पा मारत बसतात, कुठेतरी भजन चालू असतं, टाळ ऐकून काकू लगेच जाऊन बसली, शब्द कळत नव्हते तरी ताल धरला. न्यातपोल देऊळ बघा, 1702 चं, भूपतींद्र मल्ल राजाने बांधलेलं, पाच छपरांचं. पायऱ्यांवर खालून वर आधी दोन मल्ल, मग हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, मग दोन देव्या, प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट ताकदवान असं मानतात. 1934 चा भूकंप आणि 25 एप्रिल 2015 चा भूकंप, दोन्हींत ते उभं राहिलं, शेजारची किती तरी देवळं मातीला मिळाली होती. आपली देवळं दगडाची, यांची विटा आणि लाकडाची, म्हणून बघायची रीत पण वेगळी. आधी वर बघा. छपराला आधार देणाऱ्या लाकडी तिरप्या खांबांना टुँडाल म्हणतात, एकेकावर देव कोरलेला आहे. मग दारावरचं तोरण, मग खिडक्या. घाईत चालत गेलं तर यातलं काहीच दिसत नाही. जुजु धौ म्हणजे मातीच्या वाडग्यातलं घट्ट गोड दही, ते भक्तपूरलाच खा.

भक्तपूरहून नगरकोटची लोकल बस मिळते, पण पहाटे बस नसते, म्हणून आदल्या दुपारी वर जाऊन तिथेच मुक्काम करा, हे मी पहिल्या वेळी केलं नव्हतं. काठमांडूपासून 32 किलोमीटर, उंची साधारण 2,100-2,200 मीटर, म्हणजे विरळ हवेचा त्रास नाही, आजीआजोबांना पण चालेल. पूर्वेकडची खोली मागा. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी बाहेर या, कारण खरी मजा सूर्य वर येण्याआधी आहे, आधी निळसर काळोखात नुसती एक दातेरी कड दिसते, मग सगळ्यात उंच टोकांना गुलाबी लागतं आणि ते हळूहळू खाली सरकत येतं. समोर लांगटांग, गणेश हिमाल, दोर्जे लाक्पा. एव्हरेस्ट दिसतं का हे सगळे विचारतात, अगदी स्वच्छ दिवशी लांबवर एक छोटंसं टोक, बस. एव्हरेस्टच बघायचं असेल तर काठमांडूहून पहाटे माउंटन फ्लाइट असते, तासाभराची, महाग आहे पण गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी तोच खरा मार्ग आहे, आणि पहिलंच फ्लाइट घ्या.

नगरकोटहून उतरताना गाडीने सरळ काठमांडूला पळू नका, चांगुनारायणला थांबा. चालणारे असाल तर नगरकोट ते चांगु पायी चार तास लागतात, उतार जास्त, शेतांमधून वाट. माझ्या मते खोऱ्यातली सगळ्यात जीव लावणारी जागा हीच. देवळासमोर एका स्तंभावर मानदेव राजाचा इ.स. 464 चा लेख आहे, संस्कृतात, खोऱ्यातल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी. आणि दारासमोर गुडघ्यावर बसलेला दगडी गरुड, पंख मिटलेले, हात जोडलेले, चेहरा माणसाचा. अंगणात विश्वरूप विष्णू, तीन पावलांत जग मोजणारा विक्रांत विष्णू, ही शिल्पं उघड्यावर आहेत, लोक रोज कुंकू लावतात. गर्दी जवळजवळ नसते. तासभर तरी द्या.

पशुपतिनाथला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. मुख्य देवळात फक्त हिंदूंना प्रवेश, चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स बाहेर ठेवावी लागते त्यामुळे कापडी पिशवी न्या, आत फोटो नाही. लिंगाला चारी दिशांना मुखं आहेत, चार दारं, पूजा करणारे भट्ट पुजारी कर्नाटकातून आलेले असतात आणि लिंगाला हात फक्त तेच लावतात, त्यामुळे आपल्याकडच्या ज्योतिर्लिंगासारखं हाताने अभिषेक करायचा हट्ट धरू नका. शेजारी बागमतीच्या घाटावर दिवसभर अंत्यसंस्कार चालू असतात. समोरच्या काठावर पायऱ्यांवर शांत बसा, फोन खिशात ठेवा. कुणाच्या तरी वडिलांची चिता आहे ती, तिचा फोटो काढणारी माणसं बघून मला अजून त्रास होतो. संध्याकाळी नदीच्या त्याच काठावर आरती होते, ती चुकवू नका.

बौद्धनाथला आमचा शेवटचा संध्याकाळचा तास होता आणि तो पुरला नाही. सगळे एकाच दिशेने फिरत असतात, प्रदक्षिणेसारखं उजवीकडून, माळ ओढत, जपाची चक्रं फिरवत. आपल्याला महादेवाला अर्धी प्रदक्षिणा घालून सोमसूत्रापासून परत फिरायची सवय, इथे पूर्ण घाला, आणि डोंगरात वाटेवर मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली तर ती आपल्या उजव्या हाताला ठेवून जा. स्वयंभूला मात्र पहाटे जा, पूर्वेकडच्या 365 पायऱ्या चढून (गुडघ्यांचा त्रास असेल तर पश्चिमेकडून गाडी बऱ्यापैकी वर जाते), हातात खाऊची पिशवी नको, माकडं आहेत. वर स्तूपाच्या बाजूला हारतीचं छोटं देऊळ आहे, लेकरांना राखणारी देवी, खोऱ्यातले मूळचे नेवार लोक बाळांना घेऊन येतात. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक 2 मध्ये हीच हारती दगडात बसलेली आहे, तिथे ती शिल्प म्हणून बघतो, इथे तिच्यासमोर आयांची रांग असते, मला हे बघून खरंच भरून आलं. पाटणला 1637 चं कृष्णमंदिर दगडी शिखराचं, त्याच्या पट्ट्यांवर रामायण महाभारत कोरलंय, आणि शेजारचं पाटण म्युझियम दुपारसाठी उत्तम.

आता पोखरा. रस्ता 200 किलोमीटर पण वेळ सात ते दहा तास, कामं चालू असतात. विमान पंचवीस मिनिटं, जाताना उजवी खिडकी, येताना डावी. रस्त्याने गेलात तर वाटेत कुरिनटारला उतरून केबल कारने मनकामना देवी करता येते. पोखऱ्याचा व्ह्यूपॉइंट म्हणजे सारंगकोट, त्याची उंची 1,600 च्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडी कमीच, आणि त्या उंचीवर उभं राहून समोर 8,091 मीटरचं अन्नपूर्णा एक, डावीकडे लांब 8,167 चं धौलागिरी. मधलं मोठं टोकदार सगळ्यांना सगळ्यात उंच वाटतं ते माछापुच्छ्रे, 6,993 मीटर, जवळ आहे म्हणून मोठं दिसतं. नावाचा अर्थ माशाची शेपटी, पण पोखऱ्यातून शेपटी दिसत नाही, एकच सुळका दिसतो, दोन टोकं दिसायला पश्चिमेकडून बघावं लागतं. ते पवित्र मानतात, चढायला परवानगी नाही, 1957 सालची तुकडी पण शिखराच्या थोडं खालून परत फिरली. पहाटे केबल कारच्या भरवशावर राहू नका, वेळ विचारून घ्या, नाहीतर टॅक्सी रात्रीच ठरवा किंवा वरच राहा. पहिल्या पहाटे आम्हाला ढग होते, दुसऱ्या पहाटे पावणेसहाला अचानक पडदा सरकला आणि आईने आधी चप्पल काढली. मग हात जोडले.

मुक्तिनाथ हा या सगळ्याचा कळस आहे आणि सगळ्यात जास्त चुका पण इथेच होतात. उंची साधारण 3,700 मीटर. पोखरा 800 वर. जीपवाले एका दिवसात वर नेऊन दर्शन करून देतो म्हणतात, ऐकू नका, विशेषतः पन्नाशीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर. पहिल्या दिवशी मार्फा, जोमसोम किंवा कागबेनीला म्हणजे 2,700-2,800 वर झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी वर, दर्शन, आणि दुपारपर्यंत परत खाली. रात्री वर राहायची गरज नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, पावलं लटपटणं ही लक्षणं दिसली तर थांबून बघू वगैरे करायचं नाही, लगेच खाली उतरायचं, तोच उपाय. झोपेच्या गोळ्या नाहीत, दारू नाही, पाणी भरपूर, बीपी आणि हार्टवाल्यांनी निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून औषधं घ्यायची. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट लागतं, ते पोखऱ्यातच काढा. कालीगंडकीच्या खोऱ्यात सकाळी अकराच्या सुमाराला वारा सुटतो तो इतका जोराचा की उभं राहवत नाही, अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या मधल्या फटीतून हवा वर तिबेटकडे ओढली जाते, म्हणून पोखरा ते जोमसोम विमानं फक्त सकाळी उडतात आणि ढग असले तर रद्द होतात. त्यामुळे मुक्तिनाथनंतर परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवाच.

गाडी देवळाखालच्या रानीपौवा गावापर्यंत जाते, पुढे अर्धा तास चढ, घोडा मिळतो. देवळामागे 108 गोमुखांतून बर्फाळ पाणी पडतं, पुढे दोन कुंडं. तरुण मंडळी एका दमात पळत खालून जातात, आईला मी प्रत्येक धारेचं पाणी चमच्याने डोक्यावर घातलं, त्यानेही तेवढंच समाधान झालं. जाड टॉवेल, कोरडे कपडे आणि कानटोपी वर न्या, खाली गाडीत ठेवू नका. हे वैष्णवांच्या 108 दिव्यदेशांपैकी, म्हणजे विष्णूच्या पवित्र स्थानांपैकी एक, आणि बौद्धांचंही तेवढंच पवित्र स्थान, बौद्ध झुमा म्हणजे भिक्षुणी इथे सेवा करतात. बाजूला ज्वालामाई, जिथे पाण्याच्या शेजारी दगडातून नैसर्गिक वायूची बारीक निळी ज्योत जळते, जाळीतून वाकून बघावी लागते, बरेच जण न बघताच उतरतात.

उतरताना कागबेनीला कालीगंडकीच्या काठी बसा. आपल्या देवघरातला शाळिग्राम, ज्याचं तुळशीशी लग्न लावतो, तो याच नदीतला. आतली चक्रं म्हणजे हिमालय उठायच्या आधी इथे टेथिस समुद्र होता त्यातल्या शंखासारख्या प्राण्यांचे जीवाश्म. काकूला दोन्ही गोष्टी सांगितल्या, ती म्हणाली मग तर अजूनच जुना देव.

ट्रेनने येणाऱ्यांनी लुंबिनी शेवटी ठेवा, कारण मुंबईहून गोरखपूर, तिथून सुनौली बॉर्डर, आणि बॉर्डरपासून लुंबिनी जवळ. मायादेवी मंदिरात पादत्राणं बाहेर, आत फोटो नाही, हळू बोला. बाहेर अशोकाचा स्तंभ, त्यावर ब्राह्मीत लिहिलंय की बुद्ध इथे जन्मले म्हणून राजाने स्वतः येऊन पूजा केली आणि गावाचा कर कमी करून आठवा हिस्सा केला. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिन्याभरात, नोव्हेंबर 1956 मध्ये, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला आले होते, तब्येत खूप खालावलेली असताना. लुंबिनीत तुम्हाला विदर्भ मराठवाड्यातून आलेली मंडळी हमखास भेटतील, पांढरे कपडे घातलेल्या आज्या, त्या बोधिवृक्षाखाली बसून बुद्धवंदना म्हणतात. त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा, ऊन उतरल्यावर, चारनंतर. दुपारी तराईत, म्हणजे या सपाट मैदानी पट्ट्यात, फार उकडतं.

स्वतःची गाडी नेली असेल तर बॉर्डरवर घेतलेला भन्सारचा (म्हणजे कस्टम्सचा) कागद परत जाताना दाखवावा लागतो, दिवस संपले असतील तर दंड, म्हणून एक दिवस जास्तीचाच काढून ठेवा. आणि सुनौली ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं मागे करा, गोरखपूरची गाडी आपल्या वेळेने सुटते.